हातचा

शनिवारी सकाळी आठला चौदा नंबरची खोली उघडते.
किल्ली दोनदा फिरवायची, मग दाराला खांदा.
आत बावीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
चिकटपट्टीवर तगलेली एक किटली,
आणि फळ्यावर कालच्या कायद्याच्या तासाचं
अर्धं पुसलेलं वाक्य: म्हणून आरोपी

मथाथात वारा आधी येतो, मुलं नंतर.

विद्यापीठाच्या कागदावर आमच्या वर्गाला लांबलचक नाव आहे.
वसतिगृहात म्हणतात, गोगलगायींची शाळा.
एका वर्षाचा अभ्यास दोन वर्षांत.
मीही इथेच बसायची, खिडकीजवळ,
ओळखपत्र पालथं घालून,
त्यावरची वर्गाची खूण कुणाला दिसू नये म्हणून.
आता इथे शिकवण्याचे मला तासावर पैसे मिळतात.
ओळखपत्र अजून पालथंच असतं. सवय.

फुमेझा न्त्शिंगा बाई पहिल्या दिवशी गणित शिकवत नाहीत.
म्हणतात, प्रश्न वाचा.
पुन्हा वाचा.
आता पेन खाली ठेवा आणि सांगा,
विचारणाऱ्याला नेमकं हवंय तरी काय?

कुणी बोलत नाही.
सहाशे जणांच्या सभागृहात सहा आठवडे
मागच्या बाकावरून फळा उतरवून घेतलेली ही मुलं.
वह्या सुबक, समास आखलेले,
आणि डोक्यात अक्षर शिरलेलं नाही.

मग सिबाबाल्वे, जिचं गाव लुसिकीसिकीच्याही पलीकडे,
खोसात म्हणते, हळू, जवळजवळ टेबलालाच:
मला ते 'म्हणून' कळत नाही.
या ओळीवरून त्या ओळीवर
सगळे उडी कशी मारतात?

बाईंनी खडू ठेवला.
हं, म्हणाल्या. आता सुरुवात झाली.

लुखान्यो तीन शनिवार आला नाही.
गैरहजराच्या नावापुढे बाई फुली मारत नाहीत,
नुसतं टिंब देतात.
फाटकाशी गरम अमाग्विन्या विकणाऱ्या
मामा नोझिबेले म्हणाल्या,
टॅक्सीतळावर गाड्या धुतो तो. शनिवारीच गिऱ्हाईक असतं.
धाकट्या दोघींच्या शाळेचं भाडं त्यातूनच निघतं.

बाई रागावल्या नाहीत. कळवळल्याही नाहीत.
एक पान फाडलं, त्यावर तीन गणितं लिहिली,
आणि दिलं एका टॅक्सीवाल्याच्या हाती,
कुणी डबा धाडावा तसं.

पान बुधवारी परत आलं,
साबणाच्या पाण्याने फुगलेलं.
पहिलं गणित कोरं. दुसरं चूक.
तिसरंही चूक,
पण ते बाईंनी खिडकीशी उजेडात धरलं
आणि मला हाक मारली.
बघ कुठे चुकलाय!
सातव्या ओळीपर्यंत एकटा गेलाय पोरगा,
आणि इथे नुसता हातचा विसरला.

आठ आणि सात पंधरा. पाच मांडायचे, एक हातचा.
कुणी तो बोटावर धरतं, कुणी कोपऱ्यात बारीक लिहितं,
कुणी मनातच ठेवतं.
उत्तरात तो कुठेच दिसत नाही.
मला कुणी धरलं होतं बोटावर?
त्या पानाकडे बघत राहिले,
तेवढ्यात किटली उतू गेली.

आता गुरुवारी रात्रीही वर्ग भरतो, चौघांचाच.
वीज जाते, तेव्हा फोन उभे करून त्यांच्या उजेडात.
लुखान्यो येतो, बाह्या ओल्या,
बसतो दाराजवळ, पळायची सोय ठेवून.
काल त्याने पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली.
खुर्ची केवढ्याने किंचाळली.
कुणी वर बघितलं नाही.

सिबाबाल्वेने परवा सभागृहात हात वर केला.
चौथ्या ओळीवरून पाचवीवर कसे आलात, सर?
मागे कुणीतरी हसलं.
प्राध्यापक बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले,
मग म्हणाले, मधली एक ओळ मी गाळली.
सहाशे पेनं एकदम खाली वाकली.

लुखान्योला जूनमध्ये सत्तेचाळीस पडले.
हवे होते पन्नास.
फेरपरीक्षा शुक्रवारी आहे.
आज बाईंनी किटली दोनदा भरली.